तेवीस नंबरची पेपरफुटी

आम्ही चौघे एकमेकांना नावानं हाक मारत नाही. शाळेत हजेरी नंबरानं व्हायची, तीच सवय राहिली. मी चोवीस. माझ्याच बाकावर, माझ्या डाव्या हाताला, तेवीस बसायचा. खिडकीशी आठ होता, आणि शेवटच्या रांगेत, मास्तरांची नजर पोचणार नाही अशा बेतानं, एकतीस. आता चौघेही सत्तरीला टेकलो आहोत. एकाचं बायपास झालंय, एकाची बायको गेलीय, तरी माझ्या फोनमध्ये त्यांच्या नावांच्या जागी आकडेच आहेत. सुनेनं एकदा विचारलं, "बाबा, हे आठ कोण? सारखा फोन असतो." मी सांगितलं, मैंदर्गीला असतात, शेती आहे. तिनं पुढं काही विचारलं नाही. तिनं माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवलेली नाही, ते बरंच आहे.

दर गुरुवारी सकाळी आम्ही सोलापुरात तलावाच्या काठी जमतो आणि एक फेरी मारून चहाच्या हॉटेलात बसतो. आठ मैंदर्गीहून पहिल्या एसटीनं येतो, त्यामुळे सगळ्यांच्या आधी तोच पोचलेला असतो. बसल्याबसल्या पहिलं काम हजेरीचं. ती मी घेतो. शंभर पानी वही आहे, उभ्या रेघा मारलेल्या. चार माणसं एका टेबलाशी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली असताना हजेरी कशाला, असं हॉटेलवाल्यानंही विचारून झालंय. नंबर पुकारला की "हजर सर" म्हणायचं. माझा नंबर मीच पुकारतो आणि मीच हजर म्हणतो. याला हॉटेलवाला अजून हसतो. त्याचं वय लहान आहे.

जो गुरुवार चुकवील त्यानं पुढच्या खेपेला रजेचा अर्ज आणायचा. 'विनंती अर्ज की' अशी सुरुवात, मग कारण, आणि खाली पालकाची सही. पालक म्हणजे बायको. आठच्या अर्जावर आता त्याचा मुलगा सही करतो. एकतीसचं बायपास झालं तेव्हा त्यानं एकदम सहा गुरुवारांचा अर्ज दिला. त्यात कारण लिहिलं होतं, 'पोटात दुखत असल्यामुळे.' बायपासला असं का लिहिलंस विचारलं तर म्हणाला, "अर्जात दुसरं कारण लिहायची सवय नाही बे." खरं होतं ते. शाळेत आमच्यापैकी कुणाचंही पोटाशिवाय काही दुखलेलं नव्हतं. अर्ज मंजूर झाला.

तेवीसबद्दल जरा जास्त सांगायला हवं. आम्हा तिघांच्या मॅट्रिकच्या गणितात जे काही मार्क होते ते मुळात त्याचे होते. तो पुढं गणिताचाच मास्तर झाला. बावीस वर्षं अकलूजच्या एका शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर सोलापूरला आपल्या घरी आला. मी वीज खात्यात तक्रारीच्या खिडकीवर नोकरी संपवली. चौतीस वर्षं लोकांचं गाऱ्हाणं ऐकल्यामुळे कुणाचंही बोलणं मला चटकन खरं वाटत नाही. अपवाद तेवीसचा. त्याचं उत्तर बरोबर असणार, हे मी नववीपासून धरून चाललो आहे.

गेल्या वर्षी एका गुरुवारी त्यानं चहा यायच्या आधी खिशातून अर्ज काढला. मागच्या गुरुवारी पोटात दुखत असल्यामुळे येऊ शकलो नाही, खाली वहिनींची सही. मागच्या गुरुवारी तो आला होता. माझ्या शेजारी बसून त्यानं दोन कप चहा घेतला होता आणि एकतीसशी जिन्याच्या फरशीवरून वाद घातला होता. मी वही उघडून दाखवली.

"वहीत तू हजर आहेस."

तो वहीकडे बराच वेळ बघत राहिला. "मग मी घरी होतो तो कधी?"

आम्ही हसलो. तोही हसला. एकतीस म्हणाला, अर्ज जपून ठेव, पुढं कामाला येईल. पुढच्या गुरुवारी त्यानं तोच अर्ज पुन्हा आणला. नवा लिहिलेला, त्याच मजकुराचा, त्याच तारखेचा. या वेळी कुणी हसलं नाही. मी तो घेतला, वहीत ठेवला आणि मंजूर म्हणून टाकलं.

त्या दिवशी घरी परतताना तो माझ्यासोबत सात रस्ता चौकापर्यंत चालत आला. म्हणाला, "पोरगा येतोय पुण्याहून. डॉक्टरकडं नेणार. डोक्याची परीक्षा घेतात म्हणे, तीस मार्कांची."

"मग दे की."

"नापास झालो तर पुण्याला नेणार. घर बंद करणार. त्याचं सगळं ठरलंय."

मी म्हटलं, पुणं काय वाईट आहे, मुलगा आहे, नात आहे. तो थांबला. "तिथं मला सगळे आजोबा म्हणतात. सोसायटीतले म्हणतात, वॉचमन म्हणतो, भाजीवाला म्हणतो. म्हातारा आहे ते मला माहीत आहे. पण सारखं सांगायला कशाला पाहिजे?" मग थोडं चालल्यावर म्हणाला, "तिथं नंबरानं कोण हाक मारणार मला?"

मला वाटतं त्याच क्षणी मी ठरवलं. पुढं आम्ही जे केलं ते त्याच्यासाठी केलं असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. निदान मी तरी ते माझ्यासाठी केलं. गुरुवारी डाव्या हाताला तो नसणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पेपर एकतीसनं फोडला. त्याच्या थोरल्या भावाची तीच परीक्षा त्याच डॉक्टरांनी घेतली होती, आणि तेव्हा एकतीस शेजारी बसला होता. त्याला शाळेतही प्रश्न सगळे पाठ असायचे, अडचण उत्तरांची होती. त्याचे भवानी पेठेत टॉवेलचे चार माग आहेत. त्या खडखडाटात, मागांच्या पलीकडच्या खोलीत, त्यानं आम्हाला पेपर सांगितला. आज वार कोणता, तारीख कोणती, महिना कोणता. आपण कुठं आहोत, कितव्या मजल्यावर आहोत. डॉक्टर तीन शब्द सांगतात, ते लक्षात ठेवायचे आणि थोड्या वेळानं परत सांगायचे. शंभरातून सात वजा करत खाली यायचं. घड्याळाचं चित्र काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची. शेवटी मनानं एक वाक्य लिहायचं.

"एवढंच?" मी म्हटलं. "हे तर सहामाहीपेक्षा सोपं आहे."

"तीन शब्द तेच असतील कशावरून?" आठनं विचारलं.

"छापील असतात बे. डॉक्टर काय रोज नवे काढणार आहे?" एकतीस म्हणाला. शब्द होते खुर्ची, लिंबू, रेल्वे.

मग आठवडाभर शिकवणी झाली. मैंदर्गीचा आठ त्या आठवड्यात तीनदा सोलापूरला आला. त्याचा मुलगा विचारायला लागला, सोलापुरात काय हाय एवढं? शिकवणीतलं सगळ्यात मोठं काम त्याच्याकडे होतं, शब्द पक्के करण्याचं. तो तेवीससमोर मांडी घालून बसायचा.

"हे बघ. तू रेल्वेत बसलाईस. खुर्चीवर. आन लिंबाचं सरबत पितोईस. काय पितोईस?"

"सरबत."

"कशाचं?"

"लिंबाचं."

"बसलाईस कुटं?"

"इथं. मागाच्या खोलीत."

"न्हाय की रे! रेल्वेत!" आठ कपाळाला हात लावायचा, आणि पुन्हा गाडी पहिल्या स्टेशनपासून सुटायची. तिसऱ्या खेपेला तेवीस झोपेतून उठवलं तरी खुर्ची लिंबू रेल्वे म्हणेल असा तयार झाला.

वाराचं काम अवघड होतं. आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं, आणि सोलापुरात बरेच लोक वार असाच मोजतात. तेवीसला वार विचारला की तो म्हणायचा, "पाण्याचा दुसरा दिवस." हे बरोबरच असायचं, पण डॉक्टर कोणत्या भागात राहतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. शेवटी ते मी माझ्या अंगावर घेतलं. कॉपीच्या कामात माझा हात चांगला होता. एकतीसच्या मागांचं छापील कार्ड घेतलं, त्याच्या कोऱ्या बाजूला वार, तारीख, महिना, वर्ष लिहिलं, खाली ९३, ८६, ७९, ७२, ६५, त्याखाली तीन शब्द, आणि ते चष्म्याच्या डबीत चिकटवलं. चष्मा लावायला डबी उघडायची, बघायचं, बंद करायची. शाळेत असा चष्मा असता तर मी पहिल्या दहात आलो असतो.

शंभरातून सात वजा करणं मात्र मला लिहावं लागलं, याचं मला त्याच वेळी काहीतरी वाटायला हवं होतं. बावीस वर्षं गणित शिकवलेला माणूस एकदा सरळ पासष्टपर्यंत यायचा, आणि एकदा त्र्याण्णववर थांबून आमच्याकडे बघायचा. मी ते परीक्षेचं दडपण म्हणून सोडून दिलं आणि अक्षर जरा मोठं काढलं.

परीक्षेच्या दिवशी आम्ही तिघे दवाखान्याच्या समोर उसाच्या रसाच्या गाड्याशी उभे होतो. मुलगा आणि वहिनी त्याला घेऊन आत गेले. पाऊण तासानं बाहेर आले. तेवीसनं आमच्याकडे बघून शर्टाच्या खिशावर, चष्म्याच्या डबीवर, हात ठेवला. तीसपैकी अठ्ठावीस. घड्याळाचे काटे उलटे पडले, तेवढेच मार्क गेले. वयोमानाप्रमाणे विसरभोळेपणा, काळजीचं कारण नाही, काही वेगळं दिसलं तर लगेच या, नाहीतर वर्षानं या. मुलगा दुसऱ्या दिवशी पुण्याला गेला. आम्ही हॉटेलात भजी मागवली. आठ म्हणाला, "यप्पा, आयुष्यात पैल्यांदा माझ्या शिकवणीतलं पोरगं पास झालं."

वहिनी मात्र आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या घरी गेलो तेव्हा चहा दिला, शेंगाचटणी बांधून दिली, आणि तेवीसकडे अशा बघत राहिल्या की जणू गणित सुटलंय पण रीत कुठं दिसत नाही. मला ते दिसलं. मी कप बशीत ठेवला आणि विषय काढला तो उकाड्याचा.

सहा महिने बरे गेले असं मी म्हणतो, कारण आम्ही तसं ठरवलं होतं. तो गुरुवारी यायचा, हजर सर म्हणायचा. कधी दोनदा म्हणायचा. एकदा आठचा नंबर पुकारल्यावर तोच हजर म्हणाला आणि आठनंही लगोलग म्हटलं. वहीत आठ त्या दिवशी दोन वेळा हजर आहे.

चैत्रातल्या एका मंगळवारी सकाळी तो शेंगाचटणी आणतो म्हणून घरातून निघाला. दुपारपर्यंत आला नाही. वहिनींनी मला फोन केला, मी एकतीसला केला, त्यानं मैंदर्गीला केला. तिघांनी तलाव, बाजार, हॉटेल सगळं पालथं घातलं. तीनच्या सुमाराला एकतीसच्या मागावर फोन आला. तो खडखडाटातून बाहेर रस्त्यावर आला तेव्हा कुठं त्याला ऐकू आलं. अकलूजच्या शाळेतल्या एक बाई बोलत होत्या.

"इथं एक वयस्कर सर आलेत. पडलेत, कपाळाला लागलंय, दवाखान्यात आणलंय. नाव विचारलं तर तेवीस म्हणतात. चष्म्याच्या डबीत तुमचं कार्ड सापडलं."

"आमचाच आहे," एकतीस म्हणाला. "पाणी द्या त्याला. आम्ही निघालो."

एकतीसच्या जावयाच्या गाडीतून आम्ही निघालो. वहिनी पुढं बसल्या होत्या. अकलूज येईपर्यंत त्या एकदाही मागं वळल्या नाहीत.

झालं होतं ते असं. तेवीस स्टँडवर गेला, अकलूजची एसटी पकडली, उतरला आणि सवयीनं शाळेत गेला. नववीच्या वर्गात जाऊन त्यानं खडू घेतला आणि अवयव पाडायला शिकवलं. वर्गावरच्या नव्या बाईंना वाटलं कुणी तपासणीला आलेत, म्हणून त्या मागं बसून राहिल्या. अर्ध्या तासानं घंटा झाली, तो बाहेर पडला आणि पूर्वी जिथं भाड्यानं राहायचा ती खोली शोधायला लागला. ती खोली आता नाही. चपला कुठं राहिल्या ते कळलं नाही. डांबरावर अनवाणी फिरून फिरून तो एका डेअरीपाशी कोसळला. दुधाच्या गाडीवाल्यानं विचारलं, आजोबा, कुठं सोडू, तर म्हणाला, शाळेत, माझा तास आहे. त्यानं खरंच शाळेत आणून सोडलं.

दवाखान्यात त्याच्या कपाळावर चार टाके होते आणि दोन्ही तळव्यांना फोड आले होते. सलाइन चालू होतं. आम्हाला बघून तो म्हणाला, "आज गुरुवार आहे का?" आठ म्हणाला, "व्हय. गुरुवारच." मंगळवार होता.

शाळेच्या बाई वहिनींना मुद्दाम म्हणाल्या, "सरांनी शिकवलं ते सगळं बरोबर होतं." मग त्यांनी चष्म्याची डबी वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी ती उघडली. कार्ड तिथंच होतं. वार, तारीख, सात-सातनं उतरलेले आकडे, खुर्ची, लिंबू, रेल्वे. मी अक्षर मोठं काढलं होतं, त्यामुळे लांबूनही वाचता येत होतं.

त्या मला घेऊन व्हरांड्यात आल्या.

"भावोजी, हे अक्षर तुमचं."

मी हो म्हटलं. चौतीस वर्षं तक्रारी ऐकल्या, पण ही ऐकायची माझी तयारी नव्हती.

"मी वर्षभर सगळ्यांना सांगत होते, यांना काहीतरी होतंय. गॅस चालू ठेवतात. तेच तेच विचारतात. मला कधी कधी बाई कोण तुम्ही म्हणतात. परीक्षेत अठ्ठावीस आल्यावर मुलगा म्हणाला, आई, बाबा ठीक आहेत, तूच एकदा दाखवून घे." त्या अगदी सावकाश बोलत होत्या. "मी दाखवून घेतलं. एकटीच गेले, कुणाला न सांगता. त्याच डॉक्टरांकडे. तीसपैकी मला पंचवीस मिळाले."

मी कठड्याला टेकलो.

"मला कुणी शिकवलं नव्हतं, भावोजी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे साधं वाक्य आहे आणि ते तसंच लिहितो. सहा महिने ती बाई स्वतःच्याच डोक्यावर शंका घेत, गॅसची बटणं दिवसातून दहादा तपासत घरात वावरली होती. तेवढ्या काळात तिच्या घरी मी किती चहा प्यायलो ते सांगत नाही. वहिनींनी कार्ड परत डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये ठेवली आणि आत जाऊन त्याच्या तळव्यांना मलम लावायला बसल्या.

पंधरा दिवसांनी टाके निघाल्यावर त्यांचा फोन आला. पुन्हा परीक्षा होती. "तुम्ही चला. तुम्ही बाहेर राहिलात तर ते दाराकडेच बघत बसतील. शेजारी बसा. पण गप्प बसा."

मी गेलो. डॉक्टरांच्या खोलीत टेबलाच्या एका बाजूला दोन खुर्च्या होत्या. तेवीस डावीकडच्या खुर्चीत बसला, मी उजवीकडच्या. वहिनी मागं. चष्मा त्याच्या डोळ्यांवर होता, डबी वहिनींच्या पर्समध्ये.

"आज वार कोणता?" डॉक्टरांनी विचारलं.

तेवीसनं माझ्याकडे बघितलं.

नववीच्या सहामाहीत दोन आगगाड्यांचं गणित होतं. मला ते येत नव्हतं. मी त्याला काही म्हटलं नव्हतं, म्हणायची हिंमतच नव्हती. त्यानं नुसता आपला डावा हात वहीवरून काढून मांडीवर घेतला, वही माझ्याकडे तिरपी केली, आणि तसाच अवघडून, मान वाकडी करून, पाऊण तास लिहीत राहिला. नंतर दोन दिवस त्याची मान धरली होती. त्यानं विचारलंही नाही, दिसलं का म्हणून.

आज सोमवार होता. मला माहीत होता. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. इतका वेळ चपलांकडे मी आयुष्यात बघितलेलं नाही. डावीचा अंगठा शिवायला झालाय, हे मला तेव्हा कळलं.

"पाण्याचा..." तेवीस म्हणाला, आणि थांबला. कितवा दिवस, तेही त्याला येईना.

डॉक्टरांनी तीन शब्द सांगितले. या वेळी ते वेगळे होते, कुलूप, मोगरा, विहीर. मग शंभरातून सात वजा करायला सांगितलं. तो त्र्याण्णववर आला, शहाऐंशीवर आला, आणि डॉक्टरांनाच म्हणाला, "पुढचं तुम्ही सांगा. कुणाचा हात वर आहे?" थोड्या वेळानं डॉक्टरांनी विचारलं, मघाचे तीन शब्द आठवतात का?

तेवीसचा चेहरा एकदम उजळला. "खुर्ची. लिंबू. रेल्वे." अगदी ठणठणीत, एका दमात.

आठची शिकवणी वाया गेली नव्हती. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कागदाकडे बघितलं, जुन्या फाइलकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी हात वर केला. खरंच वर केला, वर्गात करतात तसा.

"डॉक्टर, ते मी शिकवलं होतं. मागच्या वेळी सगळं मीच लिहून दिलं होतं. अठ्ठावीस मार्क माझे आहेत."

मागून वहिनींनी मोठा श्वास सोडल्याचा आवाज आला. डॉक्टर मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी कागद तेवीसपुढं सरकवला आणि म्हणाले, "सर, आता मनानं एक वाक्य लिहा. कोणतंही."

तेवीसनं पेन्सिल घेतली. बराच वेळ विचार केला. मग लिहायला लागला, आणि लिहिताना त्यानं डावा हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला. कागद तिरपा झाला. माझ्या बाजूला. त्याचं अक्षर अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं.

'हा माझ्या बाकावर बसतो.'

"हा म्हणजे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यानं पेन्सिल माझ्याकडे केली. "चोवीस."

वाक्याला एक मार्क मिळाला. नंबर ओळखण्याला त्या परीक्षेत मार्क नाहीत. तीसपैकी तेरा झाले. त्याच दिवशी औषधं सुरू झाली, आणि मुलाला फोन वहिनींनी स्वतः केला.

जूनमध्ये ते पुण्याला गेले. वहिनी म्हणाल्या, हे एकटीच्यानं होणारं नाही, आणि ते खरं होतं. अडवण्याचा अधिकार आम्हा तिघांपैकी कुणाला उरला नव्हता. गाडीत बसताना तेवीसनं मला विचारलं, "सहल कुठं आहे?" मी म्हटलं, पुण्याला. आता मी त्याला खोटं सांगत नाही.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघे हॉटेलात बसलो. मी वही उघडली. आठ, हजर सर. मग मी तेवीस पुकारला. एकतीस शाळेत कुणाच्याही आवाजात हजर म्हणायचा, तेवीसचा आवाज तर त्याला हुबेहूब येतो. त्यानं तोंड उघडलेलं मी बघितलं. मी मान हलवली. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि चहात खारी बुडवली.

पाकीट कालच आलं होतं. मी ते सगळ्यांसमोर वाचलं. अक्षर वहिनींचं होतं. 'विनंती अर्ज की, क्रमांक तेवीस हे यापुढे दर गुरुवारी वर्गात हजर राहू शकणार नाहीत. कारण, त्यांची स्मरणशक्ती राहिलेली नाही. तरी रजा मंजूर व्हावी.' खाली पालकाची सही होती. इतक्या वर्षांत आमच्याकडे आलेल्या अर्जांत पोट न दुखणारा हा पहिला. पाकिटात अर्जासोबत एकतीसचं कार्डही होतं, माझ्या अक्षरातलं. ते त्यांनी परत पाठवलं होतं.

"मंजूर करायचा का?" आठनं विचारलं. "का न्हाय म्हनायचं?"

"मंजूर," मी म्हटलं.

वहीत तेवीसपुढं गैरहजर लिहिलं. रेघ सरळ यावी म्हणून जरा थांबून लिहिलं. मग पुढचा नंबर पुकारला. चोवीस. डाव्या हाताची खुर्ची रिकामी होती आणि तिघेही, हॉटेलवाला धरून, माझ्याकडे बघत होते. नंबर माझाच होता. हजर म्हणायला मला जरा वेळ लागला.